चर्चेची वही

रवि. ८ जाने.
सकाळचा खेळ पार पडला. माणसे चाळीसेक. रिळे वेळेवर आली, प्रोजेक्टर शहाण्यासारखा वागला. साडेअकराला मी समारोपाचे दोन शब्द बोलले, "काही प्रश्न?" विचारले. नव्हते. कर्वेनगरची बस मिळाली.
निघताना आमच्या फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी दाते फाटकापर्यंत मागे आले. हौशी सोसायट्यांसाठी यंदा पुरस्कार आहे, खेळानंतरच्या उत्तम चर्चेसाठी. "बाई, अध्यक्ष म्हणून फक्त सही हवी." फक्त सही मागणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. कागद घरी पाठवा म्हटले.

मंगळ. १०
अर्ज आला, सोबत चर्चेची वही. कोणत्या खेळानंतर कोण काय बोलले, सगळे दात्यांच्या अक्षरात. वर्षभर मी ती उघडली नव्हती. चूक माझी.
दोन-दोन पाने चर्चा! आमच्याकडे? आमची माणसे दिवे लागायच्या आत चपला शोधतात. आणि जागोजागी 'अध्यक्षा म्हणाल्या'. मी यातले एकही वाक्य बोललेले नाही. काही वाक्ये चांगली आहेत. तरी माझी नाहीत.
कहर पुढेच. ऑगस्टातला दुसरा खेळ. त्या दिवशी रिळांची पेटी भलत्याच गावी गेली होती. मी स्वतः माफी मागून खेळ रद्द केला आणि तडक घरी आले. वहीत त्या तारखेला तीन पाने. चित्रपटाच्या शेवटावरून मतभेद! जो दाखवलाच नाही त्याच्या!

गुरु. १२
दात्यांना बोलावले. चहा दिला, बिस्किटे नाही. ऑगस्टचे पान पुढे केले.
"हे काय?"
"चर्चा."
"कशावर? कोऱ्या पडद्यावर?"
"तुम्ही गेल्यावर मी चित्रपट सांगितला. पूर्वी मुंबईला पाहिला होता. पाऊण तास लागला. मग लोक बोलले."
"आणि मी घरी बसून बोलले?"
उरलेला चहा संपवला. मग म्हणे, "अध्यक्षांचं नाव नसलं तर बरं दिसत नाही, बाई."
जन्मभर साहेबांच्या तोंडी टिपणे घालणारा हेडक्लार्क. सवय जात नाही.
जाताना म्हणाले, कॉलेजचे प्राचार्य जूनपासून आपला खेळांचा हॉल क्लासवाल्यांना देणार. पुरस्काराचे पत्र दाखवले तर थांबतील. हे खरे आहे. प्राचार्य मलाही म्हणाले होते. हॉल गेला की सोसायटी संपली, दुसरीकडे कोण फुकट जागा देतो? पण कारण इतके चांगले असले की माणूस वाटेल ते लिहितो.

शनि. १४
रविवार पेठेत नसरीन अत्तारकडे. घरचे बाइंडिंगचे दुकान, आता तीच बघते. माझी जुनी विद्यार्थिनी, सध्या कमिटीवर. खोटे बोलली की कान लाल होतात, शाळेपासून. आज कान ओढणीत.
"खेळानंतर चर्चा होते का गं?"
"होते ना, बाई. कधीकधी तासभर."
"मग मला कशी दिसत नाही?"
दोरा दातांनी तोडला. "तुम्ही गेल्यावर होते."
"का?"
"तुम्ही 'काही प्रश्न?' विचारता आणि लगेच 'नाहीत, ठीक' म्हणता. हात कोण वर करणार? मी तर अजून नववीतच असते."
आगाऊ आहे. ऑगस्टचेही दात्यांसारखेच सांगितले, पाऊण तासासकट. दोघांची जबानी जुळते. ठरवूनही जुळवता येते.

रवि. २२
आज खेळानंतर निघाले नाही. समारोपही केला नाही. मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. दाते म्हणाले, "हं, बोला." कोणी बोलेना. एक गृहस्थ खाकरले, सगळ्यांनी आशेने वळून पाहिले. त्यांना नुसता खोकला होता. नसरीन छताकडे बघत होती. दहा मिनिटांनी एकेक जण उठला.
दाते माझ्याजवळ आले. "पाहिलंत?"
पाहिले. काय पाहिले? चर्चा होतच नाही हे, की मी असताना होत नाही हे? पुरावा दोन्हींचा हाच.

सोम. २३
अर्ज उद्या जायला हवा. दाते सकाळी दहाला न्यायला येणार.
दुपारी वही घेऊन बसले. 'अध्यक्षा म्हणाल्या'ची सगळी वाक्ये लाल शाईने खोडली. समासात लिहिले, मी हजर नव्हते. वही भयंकर दिसते. दिसू दे.
मग ऑगस्टची तीन पाने पुन्हा वाचली. खोडलेल्यांपैकी एक: नायिका घर सोडताना दिवा चालू ठेवते, तो परत यायचे म्हणून, की घरात कोणी उरले आहे असे शेजाऱ्यांना वाटावे म्हणून? हे दात्यांना सुचेल? इतकी वर्षे ओळखते. शक्य नाही. त्यांना मध्यंतर कधी हे सुचते.
मग हे कोण बोलले? कोणीतरी बोलले, आणि दात्यांनी माझ्या नावावर घातले. किंवा दाते मला कळलेच नाहीत. पहिले खरे असेल तर मी दुपारभर दुसऱ्यांचीच खरी बोलणी खोडत बसले होते.
सही केलेली नाही. शेजारच्या मुलीबरोबर चिठ्ठ्या पाठवल्या: दाते, दहाला नको, आठला या. नसरीनलाही तेच. कोणते वाक्य कोणाचे, ते समोरासमोर सांगायचे. मी मध्ये बोलणार नाही असेही लिहिले.
जमेल का, बघू.