साडेतीन गिरक्या, कागदावर

३ नोव्हेंबर, सकाळी ९
ठरलं. हा सीझन ट्रिपल अ‍ॅक्सेलचा. फिगर स्केटिंगमधली उडी, हवेत साडेतीन गिरक्या. गेली अकरा वर्षं ही उडी मला जवळजवळ येते. फक्त बर्फावर उतरताना थोडा प्रॉब्लेम आहे.
क्लबचं पत्र आलंय. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठांत आलो नाही, तर माझा सकाळी सहाचा बर्फ, म्हणजे रिंकवरची सरावाची वेळ, कर्लिंगवाल्यांना जाणार. कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे पळत झाडू मारायचा. याला खेळ म्हणतात! सहाचा बर्फ गेला तर माझं करिअर संपलं. पण जाणार नाही.

७ नोव्हेंबर
चीज बंद.

८ नोव्हेंबर
बहिणीकडे फोंड्यू, म्हणजे भांडंभर वितळलेलं चीज. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. भांड्याच्या तळाची खरवडही मीच खाल्ली. वाया गेली असती.

१४ नोव्हेंबर
सराव नाही. बिल्डिंगच्या सामायिक धुलाईखोलीत आज कपडे धुवायची माझी पाळी. चुकवली तर पुढची पंधरा दिवसांनी, शिवाय खालच्या मजल्यावरच्या बाई दारावर चिठ्ठी लावतात. एकवेळ ऑलिंपिक चुकलेलं चालेल.

२१ नोव्हेंबर
अठ्ठावीस प्रयत्न. सत्तावीस वेळा पडलो. अठ्ठाविसाव्या वेळी उडी मारलीच नाही. अनुभव.
बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा हायरी (हाच कर्लिंगवाल्यांचा कॅप्टन) म्हणाला, फ्लुरिन, रोज एकाच जागी आपटतोस, खड्डे बुजवायचे मी. जरा जागा बदलून पडत जा की रे. जळतो माझ्यावर.

२ डिसेंबर
कुठल्या उड्या मारणार, त्याचा कागद परीक्षकांना आधी द्यावा लागतो. या वेळी आमच्या कोच आंबुलबाईंनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. म्हणाल्या, दरवर्षी ट्रिपल लिहितोस, परीक्षक वाचून हसतात, आणि तोंड लपवायचं मी. त्यांनी स्वतःच लिहिलं: सिंगल अ‍ॅक्सेल. दीड गिरकी! नऊ वर्षांची पोरं मारतात.
लिहू देत. स्पर्धेत दाखवतोच.

१३ डिसेंबर, दुपारी
आज स्पर्धा. ट्रिपलसाठी जोरात निघालो. उडालो. वरून बर्फ दिसला आणि छातीशी घट्ट धरलेले हात आपोआप सुटले, गिरकी तिथेच थांबली. दीड गिरकी. उतरलो मात्र झकास. नंतर एकदाही पडलो नाही. कागदावर लिहिलं होतं ते सगळं, तसंच्या तसं बर्फावर झालं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.
आंबुलबाईंनी सगळ्यांसमोर मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, शेवटी ऐकलंस रे माझं! मी म्हटलं, हो.
नववा आलो. स्पर्धक नऊ होते.

१६ डिसेंबर, सकाळी ८
सवयीने सहाला रिंकवर गेलो. कर्लिंगवाले होते. त्यांचा एक भिडू कंबर धरून घरी बसलाय. हायरी म्हणाला, आलाच आहेस तर बघत काय उभा राहतोस, धर झाडू.
धरला. खांदे तयार होतात म्हणे, ट्रिपलला उपयोगी. दोन तास मारला. खूप मजा आली. हे कुणाला सांगायचं नाही.
उद्याही सहाला ये, म्हणाला. म्हणजे सहाचा बर्फ शेवटी माझ्याकडेच राहिला.