बावीस चुका

प्रिय हरिप्रिया,

दोन मजले वर तू आहेस आणि मी खाली कँटीनमध्ये बसून तुला पत्र लिहितोय, यावर हसू नकोस. तुझ्या भावाने, सुंदरने, आधीच हसून घेतलंय. दुपारचे पावणेतीन वाजलेत. उद्या सकाळी सातला तुला आत नेतील आणि डोक्यातली ती लिंबाएवढी गाठ काढतील, तेही तुला जागं ठेवून, बोलतं ठेवून. डॉक्टरांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू शांतपणे मान हलवलीस आणि प्यायला पाणी मला लागलं. अक्षर वाईट आलंय, तेवढं चालवून घे.

घरचं सगळं ठीक आहे. आपली लेक ऊर्मी संध्याकाळच्या विमानाने येतेय. शेजारच्या मामींनी रसम पाठवलं होतं. डबा रिकामा परत करायचा नसतो हे तूच शिकवलंस, म्हणून आत दोन केळी ठेवली. मैलापूरच्या तळ्याजवळची भाजीवाली तुझी चौकशी करत होती. महिन्यापूर्वी तिथेच तू हातात पडवळ घेऊन उभी राहिलीस आणि तुझ्या तोंडून शब्द फुटेना. ती तमिळमध्ये विचारत होती, मी मराठीत विचारत होतो, आणि तू नुसती दोघांकडे बघत होतीस. दोनच मिनिटं होती म्हणे. मला अजून ती संपल्यासारखी वाटत नाहीत.

आता त्या चित्रांच्या परीक्षेबद्दल. भव्याने, त्या स्पीच थेरपिस्ट मुलीने, आपल्याला सगळं नीट समजावलं होतं. ऑपरेशन चालू असताना तुला चित्रं दाखवायची, तू त्यांची नावं सांगायची, आणि डॉक्टर मेंदूवर एकेका जागी विजेचा बारीकसा स्पर्श करणार. जिथे तुझा शब्द अडेल ती जागा राखायची, जिथे अडणार नाही तिथून कापायचं. म्हणून चित्रं आधी पारखून घ्यायची. जे आजच अडतं ते बाद, कारण उद्या ते कशाने अडलं हे कळणार नाही. तमिळचं भव्या स्वतः बघणार होती. फॉर्मवर मातृभाषा मराठी असं मी ठसठशीत लिहिलं, आणि भव्याला मराठी येत नाही म्हणून तपासायला मीच खुर्ची ओढून बसलो. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे सुधारलेला माणूस. लाल पेन घरून नेलं होतं, बघ.

साठ चित्रं होती. तमिळमध्ये तू सटासट सांगितलीस. मराठीत बावीस चुका निघाल्या. स्वयंपाकघराला तू भानस म्हणालीस, मी फुली मारली. छत्रीला कुडै म्हणालीस, फुली. किल्लीला सावी, फुली. पण या अशा सात-आठच. बाकीच्या चौदा-पंधरा चित्रांना तू अगदी बरोबर नाव सांगितलंस, फक्त उशिरा. चार सेकंदांत उत्तर आलं नाही तर ते चुकलेलं धरायचं असा नियम. घड्याळ वाजायचं, मग तुझा शब्द यायचा, आणि मी फुली मारायचो. गाठीने तुझी एवढी मराठी खाल्ली, असंच मी धरून चाललो होतो.

मंगळवारी डॉक्टर म्हणाले की तुला जागं ठेवता येईल ते चाळीसेक मिनिटं, त्यात दोनच भाषा तपासता येतात. मराठीला आधीच बराच धक्का बसलेला दिसतोय, तेव्हा तमिळ आणि इंग्रजी घेऊ, मराठीवर वेळ घालवायला नको. माझं धाबं दणाणलं. खरं सांगतो, पहिला विचार तुझा नव्हता, माझा होता. एकतीस वर्षं चेन्नईत काढून माझी तमिळ ऑटोवाल्याला डावीकडे-उजवीकडे सांगण्यापलीकडे गेली नाही. इंग्रजीत तर आपण कधी भांडलोसुद्धा नाही. उद्यानंतर तू माझ्याशी कशात बोलणार होतीस?

त्या संध्याकाळी परीक्षेचा व्हिडिओ मी सुंदरला दाखवला, काही आशा दिसते का म्हणून. तो मुरुक्कू खात बघत होता. भानस ऐकल्यावर त्याने सरळ विचारलं, हिचं चुकलं कुठे? तंजावरच्या घरी अम्मा हेच म्हणायची, कुडै आणि सावीसुद्धा; तीनशे वर्षं तिकडे राहिलेल्या आमच्या मराठीत तमिळ शब्द मिसळलेलेच आहेत. मग त्याने विचारलं, ही थांबते कशाला? घरी तर ही दुसऱ्याला बोलू द्यायची नाही. मी म्हणालो, तुझी बहीण पहिल्यापासून अबोल आहे. अबोल? ही? म्हणत सुंदरने मुरुक्कू खाली ठेवला. मी व्हिडिओ पुन्हा लावला, आणि या खेपेस तुझा चेहरा बघितला. प्रत्येक नावाआधी तू चित्रावरून नजर काढून माझ्याकडे बघत होतीस. मग बोलत होतीस.

लग्नानंतरची पहिली दिवाळी तुला आठवत असेलच. पुण्याला माझ्या आत्या तुझ्या मराठीला हसल्या, आणि परतीच्या गाडीत मी तुला धडे द्यायला बसलो. हे असं नाही गं, असं म्हणायचं. ते मला प्रेम वाटत होतं. तुला कुणी हसू नये म्हणून चाललं होतं ना. वर्षभरात तू माझ्यासारखं बोलायला लागलीस आणि मी चारचौघांत मिरवलं. प्रत्येक शब्द आधी माझ्या परवानगीला येतोय, हे मात्र दिसलं नाही. शाळेचे पेपर तपासताना एखादं गणित अडलं की तू आकडे तमिळमध्ये पुटपुटतेस आणि स्वतःला दटावतेस ते अम्मांच्या बोलीत, काय गे, कुठे चुकलीस म्हणून. हे मी शेजारच्या खोलीतून हजारदा ऐकलंय. तरी प्रश्न अडला की तुम्ही कुठल्या भाषेत विचार करता, असं भव्याने तुला विचारलं तेव्हा तुझ्या वतीने उत्तर मी दिलं, मराठीत, माझ्यासारखीच.

काल सकाळी भव्याला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. माझं लाल पेन तेवढं मागून घेतलं आणि आपल्या खिशात टाकलं. मग सुंदरला आत बसवून परीक्षा नव्याने घेतली आणि मला बाहेर काढलं. मी दाराला कान लावून उभा होतो, हेही कबूल करतो. साठातली सत्तावन्न तू बरोबर सांगितलीस, घड्याळ तीनदाच वाजलं. मधे तुम्ही दोघं कशावरून तरी खिदळलात. एकतीस वर्षांत तुला इतकं भरभर बोलताना मी ऐकलं नव्हतं. लाज वाटली, आनंद झाला, आणि सुंदरचा हेवाही वाटला. तिन्ही एकदम.

नवा निकाल बघून डॉक्टरांनी दुसरी भाषा कुठली ते तुझ्यावर सोडलंय. पत्राबरोबर एक कागद आहे. पहिल्या ओळीत तमिळ लिहिलेलं आहे, त्यावर वाद नाही. दुसरी ओळ मोकळी आहे. तिथे इंग्रजी लिहिता येईल. माझी मराठी लिहिता येईल, मग तिची चित्रं मी नीट तपासून देईन. किंवा तुमच्या घरची मराठी लिहिता येईल, मग उद्या सुंदर तुझ्याजवळ आत असेल. दोन्ही मराठी जवळच्या आहेत, एक राखली तर दुसरी टिकेलही, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणतात. कागद आज पाचच्या आत भव्याकडे जायला हवा. हे सगळं वर येऊन पाच मिनिटांत सांगता आलं असतं. पण मी समोर बसलो असतो तर तू आधी माझ्याकडे बघितलं असतंस, आणि मला काय हवंय ते ओळखून तेच लिहिलं असतंस. म्हणून हे पत्र. सुंदरलाही बजावलंय, कागद देऊन बाहेर थांब, एक अक्षर बोलू नकोस. मला फार भीती वाटतेय, हरिप्रिया. पण तो कागद तुझ्या हातून भव्याच्या हातात गेल्याचं कळेपर्यंत मी जिना चढणार नाही.

तुझाच,
रत्नाकर