डॉक्टरांचा हात

१२ नोव्हेंबर २०१८, नागपूर

खोटं बोलले आज. बाबूजींशी.

सकाळी डॉक्टरांनी मला आणि हेमेंद्रदादाला समजावून सांगितलं. बाबूजींची प्रोस्टेटची गाठ ओटीपोटात अगदी खाली, हाडांच्या मध्ये अडकलेली. तिथं माणसाचा हात वळत नाही. लोणच्याच्या बरणीत हात गेला तरी फिरवता येत नाही ना, तसं. पण रोबोटच्या औजारांना टोकाशी इवलंसं मनगट असतं — आत शिरून कसंही वळतं. डॉक्टर बाजूला बसून बोटं हलवणार, आतलं मनगट तसंच हलणार. म्हणाले, "त्यांना तुमच्या बोलीत नीट सांगा, मग सही घ्या."

नीट! थ्रेशरमध्ये दोन बोटं गेली तेव्हापासून बाबूजींसमोर मशीनचं नाव काढायची सोय नाही. मी सरळ म्हटलं, "डॉक्टर आपल्या हातानं करणार हायेत, बाबूजी."

"हातानंच?"

"हो."

उरलेल्या तीन बोटांत पेन धरून सही केली त्यांनी. मला बघवलं नाही.

१३ नोव्हेंबर

बाबूजींना रात्री झोप नाही. आज जेवणालाही नको म्हणाले. खरं सांगितलं असतं तर उठून गावी, दवनीवाड्याला निघाले असते — असं स्वतःला बजावून राहिले दिवसभर. पण जीव त्यांचा, पोट त्यांचं. मी कोण ठरवणारी? दादा म्हणतो, "डिंपल, आता तोंड उघडू नको."

नाही उघडलं.

१४ नोव्हेंबर

चार तास लागले. नीट पार पडलं. टाकेही त्या मनगटांनीच घातले म्हणे. सगळे हसून राहिले होते, मीच रडले.

१९ नोव्हेंबर, दवनीवाडा

शामकला काकू बाबूजींना भेटायला आली. दादाला कुठला धीर! "काकू, रोबोटनं ऑपरेशन झालं बाबूजींचं." बाबूजींनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या निमित्तानं आत पळाले.

२० नोव्हेंबर

पाय धरले. "तुम्ही मशीनले भेता, म्हणून खोटं बोलली."

"मशीनले कायले भेऊ? थ्रेशरमंधी हात मीच टाकलो होतो. त्याची लाज वाटते, म्हणून बोलत नाही." मग म्हणाले, "भेव डॉक्टरच्या हाताचा होता. चाय पेताना त्याचा कप थरथरत होता, मी पाहिलो. तू हातानं म्हणली, अन् दोन रात्री मी मरणच पाहून राहिलो होतो."

"मग सही काऊन केली, बाबूजी?"

"तू म्हणली ना."