सोपुरूचं बाळंतपण

१ मार्च, शुक्रवार
दुपारभर त्या फार्मसीसमोरच्या फुटपाथवर. मागच्या खोलीत गर्भ पाडतात ते सगळ्या एनुगू शहराला ठाऊक आहे. आम्ही चर्चच्या बारा बायका, बारा जपमाळा. अध्यक्षबाईंनी आज भोंगा आणला होता! तो ऐकून कुठली पोर थांबेल? मीसुद्धा पळाले असते.

भोंगा बंद झाल्यावर एक मुलगी रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आली. असेल विशीची. आई नाही, मावशीने घराबाहेर काढलंय, तिसरा सरलाय. मी सिस्टर असुम्प्तांच्या आश्रमाचं सांगितलं — राहायला जागा, जेवण, दवाखाना. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि नंतर? शेक, आंघोळ, तिखट सूप — ते कोण करणार, मम्मा? तुमची माळ?"

"मी करीन," म्हणाले. विचार न करताच.

नाव सोपुरू.

५ मार्च
सोपुरू आश्रमात राहिली. देवाची कृपा.

१९ मे, रविवार
माझ्या ओलुचीचा लागोसहून फोन. पाचवा सरत आला! लग्नाला नऊ वर्षं, तीनदा हातचं गेलं, म्हणून आईलाही कळू दिलं नव्हतं. फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात नाचले. तारीख सप्टेंबरच्या मध्यावर. ओमुग्वोला, बाळंतपण करायला, कधी निघतेस, म्हणाली. हे काय विचारणं! लेकीचं बाळंतपण आईनेच करायचं. निदान दोन महिने तिथेच.

फोन ठेवल्यावर आठवलं. सोपुरूची तारीख ऑगस्टअखेर.

२ जून
तोड सापडली. उपवासकाळात आम्ही फुटपाथवरच्या प्रार्थनेला तासातासाच्या पाळ्या लावतोच — तशाच सोपुरूच्या बाळंतपणाला लावल्या. वारानुसार सात बायका. कागद सुबक अक्षरात लिहून आश्रमाच्या स्वयंपाकघरात चिकटवला. सिस्टर म्हणाल्या, छान. मलाही छान वाटलं.

३ जून
सिस्टरांचा निरोप — सोपुरू पिशवी भरून निघालीय. सपाता घालूनच धावले. फाटकाशी गाठलं. चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "रोज नव्या बाईपुढे उघडी बसू? ओलुचीला लावाल अशा पाळ्या?"

मूर्ख मी. आत जाऊन कागद काढला, तिच्यासमोर फाडला. मग तिची पिशवी उचलली आणि परत खाटेखाली ठेवली. ती बराच वेळ फाटकाशीच उभी होती. जेवायला आली.

४ जून
ओलुचीला सांगितलं — वेळेवर येता येणार नाही, आधी तुझ्या सासूबाईंना बोलाव.

"मी तुझी एकुलती एक आहे, मम्मी." तिने फोन ठेवला.

खूप रडले. दिलेला शब्द मात्र मागे घेवेना.

१४ जुलै
ओलुची अजून फोन उचलत नाही. जावई बोलतो, तेही दबक्या आवाजात. तिची तब्येत ठीक आहे म्हणे. सासूबाई नको म्हणतेय.

२१ ऑगस्ट
मुलगा! साडेतीन किलो. दुपारी सोपुरूला पहिला शेक दिला — गरम टॉवेल पोटावर दाबला तशी तिने मला आणि माझ्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. अंगात ताकद आहे पोरीच्या. सूप दोन वाट्या प्यायली.

आनंद झालाय. आणि सारखी ओलुची आठवते.

२८ ऑगस्ट
आंघोळीचं पाणी चुलीवर होतं आणि फाटकात ओलुची! हे एवढं पोट, लागोसहून बसने दहा तास. मागे जावई दोन बॅगा आणि बाळाचा टब घेऊन, माझी नजर चुकवत. सरळ आत गेली, सोपुरूच्या मांडीवरचं बाळ उचललं, वास घेतला. मग सोपुरूलाच विचारलं,

"शेजारची खाट कुणाची आहे?"