हौसाला वाचून दाखवलेलं पत्र

६ सप्टेंबर १९४३
सांगलीहून संपादकांचं कार्ड. त्यांच्या मासिकात क्रमशः येणारं माझं ‘पाण्याखालचं राज्य’ वाचकांना आवडतंय, विशेषतः बायकांना. लिहितात, “स्त्रीचं मन आपणांस इतकं कसं उमगतं?” मला काय उमगतंय, कप्पाळ. वीस वर्षं संसार झाला, सौ. कशाने रागावते ते अजून कळत नाही.
खरं ते इथे लिहितो. सकाळी शाळा, दुपारी त्याच ओसरीवर टपालकचेरी, तीही माझ्याकडेच. गावातली निम्मी तरणी माणसं पलटणीत आहेत. त्यांच्या बायका येतात, सांगतात, मी लिहितो. आलेलं वाचून दाखवतो. माझी राणी पाण्याखाली जे जे बोलते ते सगळं या ओसरीवरून गेलेलं आहे.
आज हौसा आली होती. लग्नाला तीन वर्षं, त्यातली दोन नवरा आनंदा लढाईवर. म्हणाली, “लिवा मास्तर. तुमची चप्पल दारातनं हलिवली न्हाई. कोण आलं, मालक घरी हायती का म्हणालं, की मी व्हय म्हणते.” एवढं बोलून पदर तोंडाला लावला. “ऱ्हाऊंद्या, खोडा त्ये.”
खोडलं नाही. उलट भर घातली. तिची चार वाक्यं असली की माझी आठ होतात. हाताला खोडच आहे तशी.

९ सप्टें.
प्र. नववं एका बैठकीत. राणीचा वीर सात समुद्रांपलीकडे. राजवाड्याच्या दारात त्याच्या मोजड्या. खोडून चपलाच केल्या. दासी विचारतात, महाराज आत आहेत का? राणी म्हणते, हो.
लिहून झाल्यावर माझेच डोळे भरले. साताऱ्याला ट्रेनिंगला जाताना कराडला उतरलो होतो, संगमावर दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भिडताना पाहिल्या, तेव्हापासून हे राज्य डोक्यात आहे. किती राण्या लिहिल्या, एक जिवंत झाली नाही. ही झाली.
हौसाला विचारायला हवं होतं? तिला काय कळणार छापलेलं. जाऊ दे.

४ ऑक्टोबर
अंक आला. कागद मिळत नाही म्हणून पानं निम्मी, पण माझं प्रकरण पुरं छापलंय. दोनदा वाचलं.
दिवाळीच्या आत पोचावीत म्हणून शिपायांची पार्सलं आज शिवली. बायकांनी चिवडा, करंज्या, मेतकूट आणलं. मी प्रत्येक पार्सलात एकेक अंक सरकवला. सौ. म्हणाली, “त्यांना तिकडं चिवडा हवाय. तुमची राणी कशाला?”
“गावची आठवण म्हणून.”
खोटं. बराकीत मास्तरचं नाव व्हावं म्हणून घातला.

११ जानेवारी १९४४
आनंदाचं पत्र नाही. नोव्हेंबरात एक आलं होतं, ते पार्सल पोचायच्या आधीचं. बाकीच्यांची येताहेत. आष्ट्याहून टपालाची पिशवी घेऊन मुबारक चालत येतो. ओढ्याच्या वळणावर तो दिसला की हौसा खुरपं टाकून धावते. तो लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून. ती तशीच मागे फिरते.
“काय झालं असंल वो मास्तर?”
“बोटी उशिरा येतात.”
मलाही तसंच वाटत होतं.

८ फेब्रुवारी
आलं.
तिच्यासमोरच फोडलं. नेहमीच्या आवाजात ‘सौ. हौसास आनंदाचा आशीर्वाद’ इथवर वाचलं. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि तोंडाने दुसरीच बोललो. मी खुशाल आहे. इकडं थंडी लय. करंज्या पोचल्या. बैलाच्या खुराला औषध लाव. आईला जप.
“एवढंच? पान तर भरलंया.”
“अक्षर मोठं आहे,” म्हटलं.
तिने चार घड्या केल्या, कमरेला खोचलं, गेली. चालताना हसत होती.

९ फेब्रु.
आठवतंय तोवर उतरून ठेवतो. आनंदाला लिहिता येत नाही, कुणा सोबत्याने लिहिलंय. बाळबोध, सुटं, स्वच्छ अक्षर. पोरांना कित्ता म्हणून द्यावं असं.
“मास्तराची गोष्ट बराकीत वाचली. राणीच्या दारात चप्पल हाय. पोरं हसली, मी बी हसलो. मग उमगलं, ही माझी चप्पल. तू मला कानात सांगावी तशी लिवली हुतीस. ती समद्या मुलखात कशी गेली? का ती मास्तराचीच हुती आन तुझ्या नावानं मला धाडली? आता तुझं कुठलं पत्र तुझं आन कुठलं त्याचं, मला कळंना.”
पुढे: चप्पल उचलून टाक. रजा मिळाली तरी घरी येणार नाही. मास्तराकडं पाऊल टाकायचं नाही. आणखी एक ओळ आहे, ती इथेसुद्धा लिहवत नाही.
मास्तराकडं पाऊल टाकायचं नाही, हे मास्तरानेच वाचून दाखवायचं होतं.
आणि त्याची शंका पुरती खोटी तरी कुठे आहे. दोन वर्षांत त्याला गेलेली निम्मी वाक्यं माझीच. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१२ फेब्रु.
हौसा पत्र घेऊन पुन्हा आली. हे मी विसरलोच होतो. सगळ्याच बायका येतात. एक पत्र चार-पाचदा वाचून घेतात, पाठ होईपर्यंत. म्हणजे ते खोटं पत्र तसंच्या तसं वाचायचं. थंडी, करंज्या, बैल, आई. वाचलं. ती ओठांतल्या ओठांत सोबत म्हणत होती.
म्हटलं, “ठेव माझ्याकडं, फाटेल.” मनात पाप होतं. पलटणीतले साहेब नको त्या ओळींवर काळी शाई फिरवतात, तशी आपणच फिरवावी.
“न्हाई, घरात असूंद्या. कवा बी काढून बघते.”

१५ फेब्रु.
तिचं उत्तर घेतलं. “बैलाचा खूर बरा झाला. तुमी इच्यारलंसा म्हणून लय बरं वाटलं.” त्याने नाही गं विचारलं, बाई. मी विचारलं.
हे धाडावं तर तो म्हणणार, मास्तर अजून लिहितोच आहे. न धाडावं तर टपाल अडवल्याचा गुन्हा. ठसा मारला, पिशवीत टाकलं, मुबारक यायच्या आत काढून घेतलं. माझ्या पेटीत आहे.
मागे भूमिगतांनी कुठली टपालाची पिशवी पळवली म्हणून कळलं तेव्हा मी त्यांना शिव्या घातल्या होत्या. ८ तारखेची आमची पिशवी का नाही नेली कुणी.

२१ फेब्रु.
सांगलीला जाऊन आलो. संपादकांना म्हटलं, गोष्ट थांबवा. हसले. “अहो, वाचक राणीसाठी खोळंबलेत.” छापखान्यात माझं तेरावं प्रकरण जुळवणं चाललं होतं. खिळे जुळवणारा मान वर न करता म्हणाला, “आमच्या घरात म्हणतात, तो गडी परत आलाच पाहिजे. नाहीतर तुमाला बघून घेतील.”
चहा पण घेतला नाही. घाटावर बसलो. मनात नाही नाही ते येऊन गेलं. मग उठून मोटार पकडली. दुसरं काय करणार.

२८ फेब्रु.
घात झाला. हौसा पाचव्यांदा आली. मन थाऱ्यावर नव्हतं, थंडीवरून करंज्या आणि तिथून थेट आईवर गेलो.
“बैलाचं ऱ्हायलं.”
“आं?”
“करंज्यांच्या फुडं बैल हुता. बैलाच्या फुडं आत्याबाई. आज बैलच न्हाई.”
कागद उलटासुलटा केला. “नजर चुकली.” तिने माझ्या तोंडाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. हातातून पत्र ओढून घेतलं. आजवर असं कधी केलं नव्हतं.
आनंदाला तीन पत्रं लिहिली. चूक माझी, तिचा दोष नाही, वगैरे. वाचून पाहिली तर तिन्हींत माझा तो वीरच बोलत होता. फाडली. चौथं दोन ओळींचं: वाक्य तिचं. चोरलं मी. हे मात्र धाडलं.

६ मार्च
सौ.ला सांगितलं. ताक करत होती, रवी थांबली नाही. सगळं ऐकून म्हणाली, “बोलवा तिला, आहे तसं वाचून दाखवा.”
“होणार नाही माझ्याने.”
“मग मी दाखवते.”
“नको.”
तिने ताक आणखी जोरात घुसळलं. मग म्हणाली, “इतकी वर्षं लिहिताय. माझं एक तरी वाक्य घेतलंत?”
“तू असं काही कधी बोललीच नाहीस.”
“रोज बोलते.”
लोणी काढून ठेवलं आणि कामाला लागली. मी तिथेच बसलो होतो, तिचं एखादं बोलणं आठवतं का बघत. एकही आठवलं नाही.

१४ मार्च
हौसा मागच्या दाराने आली. सरळ सौ.कडे. “वैनी, मला अक्षरं शिकवा.”
का, हे सौ.ने विचारलं नाही. शाळेतली एक पाटी मागायला बाहेर आली. मीच काढून दिली.

२३ मार्च
रोज येते. चुलीपाशी बसतात. मी बाहेरच्या खोलीत ऐकतो. क ला काना का. बाई झपाट्याची आहे, माझी चौथीची पोरं झक मारतील. पहिला शब्द आनंदा मागितला. पाटीभर तेच लिहिलं होतं, सौ.ने दाखवलं. ‘द’ उलटा.
प्र. चौदावं कसंबसं लिहून पाठवलं. हौसाने पत्र सांगणं सोडलंय, इतर बायकांचं मी मुद्दाम शब्दाला शब्द लिहितो, पुढचं कानात ठेवत नाही. मग राणीच्या तोंडी घालायला माझ्याकडे उरतं काय.

३ एप्रिल
चौदावं परत. “ही आमची राणी नव्हे. प्रकृती बरी नाही काय? न जमल्यास दुसऱ्याकडून पुरी करून घेऊ.” घ्या म्हणून कळवलं. ज्या राज्यात मी इतकी वर्षं राहिलो त्याचा निकाल एका कार्डात लागला. रडू आलं. शाळेत होतो, पोरांकडं पाठ करून फळा पुसला.
हौसा काना-मात्रा संपवून वेलांटीवर आहे. पत्र सोबत आणते, येतील त्या अक्षरांवर बोट ठेवते. आज म्हणाली, “वैनी, ह्यात बैल कुटंच दिसंना.”
सौ. मला आत बोलावून हळू म्हणाली, “मी सांगितलं नाही काही. तुम्ही सांगा. वेळ आहे तोवर सांगा.”

१० एप्रिल
गेलो. ती उसाला पाणी पाजत होती, टिकाव हातात. “काय मास्तर?”
“हौसा, ते आनंदाचं पत्र…”
“वाचीन मी.”
“अगं, पण त्यात…”
“लागूंदे येळ. उत्तर बी मीच लिवीन. तुमी निस्तं तिकीट लावा.”
पाण्याचं बारं दुसऱ्या सरीत वळवलं. मी बांधावर उभा. दोन शब्द बोलायचे होते, तेवढे बोललो नाही आणि परत आलो. स्वतःची किळस येते.
आनंदाकडून उत्तर नाही. मुबारक आता मला लांबूनच हात हलवतो.

१७ एप्रिल
हौसा ओसरीवर आलीय. समोर बसलीय, हे लिहितोय तेव्हा. सौ. म्हणाली होती म्हणे, घरात बस. तर म्हणाली, “न्हाई वैनी. जितं आयकलं तितंच वाचणार.”
कागद मांडीवर, ओळीखाली बोट. एकेक अक्षर लावते, मग शब्द जुळवून पुन्हा म्हणते. मा. स्त. रा. ची. तिथं एकदा वर बघितलं. मग नाही. चपलेपाशी फार वेळ थांबली. मला वाटलं उठेल, काहीतरी फेकून मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. पदराने तोंड पुसलं, बोट पुढं सरकवलं.
सांगता येईल अजून. आनंदाला कळवलंय सगळं, एवढं तरी. लिहीतच बसलोय.
सौ. दारात उभी आहे.
मला हौसाने एकदाच विचारलं. “ह्ये कसलं वो, श ला व चिकाटलाय?”
“श्व.”
“वि. श्वा. स.”
त्याच्या पुढचा ‘न्हाई’ तिला विचारावा लागला नाही. वेलांटी तिला आता पक्की येते.
खाली अजून सहा ओळी आहेत. पोरं घंटेची वाट बघताहेत. ती वाचतेय.