पंप कणगीत पुरला तो रविवार

आप्पा, कांदाचाळींचे सांगाडे, उसाच्या ट्रॉलीचे हूक, रेल्वे कॉलनीतल्या खिडक्यांच्या जाळ्या आणि दमेकऱ्यांना पंप ओढायला पाण्याच्या बाटल्यांचे नळे, एवढं मी या हातांनी केलंय. कुणाकडे शिकलो नाही, तुमच्याकडे तर नाहीच. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, तापवलेल्या पत्र्यानं, आणि फट राहू द्यायची नाही. पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध घशातच बसतं, बाटलीतून ओढलं की छातीत उतरतं. तुमच्या थोरल्या लेकीच्या, आक्काच्या वेळी मला हे येत नव्हतं. येत असतं तरी काय, तिचे दोन्ही पंप, रोजचा आणि दम लागला की ओढायचा, तुम्ही ज्वारीच्या कणगीत पुरले होते. "सवय लागलीय तिला. पाव्हण्यांम्होरं ती फुसफुस नको," म्हणालात.

खुटबावचे पाहुणे तिला बघायला रविवारी यायचे होते. रोजचा पंप तुम्ही आदल्या आठवड्यातच बंद केलात, आणि शेजारच्या पोराची सर्दी आक्काला लागली. तुम्ही म्हणालात, सर्दीच हाय, कुणाला हुत न्हाई? मांडवगणच्या आपल्या ओसरीवर ती पोह्यांच्या बशा घेऊन येते. खांदे कानांपर्यंत वर गेलेत. मुलाचा मामा विचारतो, "शिक्षण किती झालं, ताई?" ती ओठ उघडते, श्वास पुरत नाही, पुन्हा मिटते. तुम्ही हसता. "लाजरी हाय जरा." मामा म्हणतो, "बरं हाय की मग, आमच्याकडं बोलणाऱ्या लई झाल्यात." सगळे हसतात. ओठ निळसर पडलेले कुणाला दिसत नाहीत, मला दिसतात. मी कणगीकडे बघतो, तुम्ही माझ्याकडे बघता. पाहुण्यांनी पसंती सांगितली, नारळ घेतला आणि गेले. मग तुम्ही कणगीत हात घातलात. दवाखान्याकडे निघालेली जीप दौंडच्या अलीकडे होती तेव्हा ती गेली. खुटबावला तुम्ही कळवलंत, काळीज बंद पडलं. घरात दमा आहे म्हटलं तर माझं लग्न अडलं असतं.

"छातीच कच्ची तिची," हे तुम्ही मरेपर्यंत म्हणत होतात. चूक. मी वाचलंय, डॉक्टरांना खोदून विचारलंय. सर्दीचा विषाणू शिरला की श्वासनळ्यांच्या अस्तरातल्या पेशी इंटरफेरॉन सोडतात, ती आजूबाजूच्या पेशींना पहिली हाक. बऱ्याच दमेकऱ्यांत ती हाक उशिरा निघते, तीही दबकी. तेवढ्यात विषाणू हातपाय पसरतो. मग शरीर जागं होतं ते भलतंच पेटून. अ‍ॅलर्जीत धावून येतात तसल्या पेशी गर्दी करतात, नळ्या सुजतात, आवळतात, चिकट कफानं बुजतात. माणसाला विषाणूपेक्षा त्याच्याच शरीराचा हा राग जास्त गुदमरवतो. रोजचा पंप ती सूज आधीपासून दाबून ठेवतो. सवय नव्हे ती, आप्पा. आक्काचं शरीर कच्चं नव्हतं, ते उशिरा उठून घरच्यांवरच तुटून पडलं. तसं वागणारं माणूस तुम्हाला आरशात दिसलं असतं. तुम्ही मात्र झोपेत गेलात, एकही श्वास न अडकता. मला अजून ते खपत नाही.

हे मी कुठं पाठवणार नाही, म्हणूनच नीट लिहितोय. माझ्या पोरीलाही दमा आहे. गेल्या महिन्यात शिरूरकडचे पाहुणे आले, तेव्हा तिचा पंप मी मुद्दाम बशीशेजारी मांडायला लावला. मुलगा चांगला वाटला. त्यानं पंप उचलून पाहिला आणि विचारलं, "सर्दीत डोस वाढवता का?" ती त्याच्याशी बराच वेळ बोलली, दम न लागता, आणि मध्येच हसली. त्याच्या बापाला चहानंतर कंठ फुटला. "आजार आम्ही पोटात घालतो, दाजी. तुम्ही फक्त पोराच्या दुकानाला हातभार लावा." हातभार म्हणजे सात लाख. पंपासकट पोरगी नेणार होते, तारीखही काढून आले होते. मी जागेवरच नाही म्हणालो. पोरगी आत चहाचे कप विसळत होती. तिला मी विचारलं नाही.