वरच्या पायरीखालचं नाव

१२ मार्च

चि. खारूताईस काकाचे अनेक आशीर्वाद.

या दोन हातांनी आजवर केलेलं: लाकडी शिड्या दोन हजार एकशे सहा, घडीच्या एकोणनव्वद, वाचनालयाची रुळावर सरकणारी एक आणि तुझा पाळणा. कुणी शिकवलं नाही. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. त्यांची एक शिडी सोडवून पुन्हा जोडली, सतरा वेळा. हे आठवायचं कारण, डॉक्टरांनी तुला बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितल्याचं कळलं, म्हणून पाळणा माळ्यावरून काढला. एक खुंटी ढिली होती. आता नाही.

माया आहेच, लिहून वाढवत नाही.
काका

१९ मार्च

ती. काका, सा. न. वि. वि.

खुंटीची तब्येत कळवलीत, माझी विचारायची राहिली. मी बरी आहे. दिवसभर छताकडे बघते. दुपारी डोळा लागला की एक शिडी दिसते, कशालाच न टेकलेली, आणि मी खाली उभी राहून ती धरलेली असते. वर कोण चढलंय ते दिसत नाही. दिसतं फक्त सगळ्यात वरच्या पायरीच्या पोटावर डागलेलं आजोबांचं नाव: अच्युत. मग जाग येते, तरी हात धरल्यासारखेच असतात.

मुलगा झाला तर हेच ठेवावं असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, या नावाला ट्रंकेचा वास येतो. नवरा म्हणतो, शाळेत पोरं पिडतील. अर्थ काय, घरात आलं कुठून, एवढं लिहा. भांडायला काहीतरी हाताशी हवं.

लोभ असू द्या, मोजून नको.
खारूताई

२५ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

‘न पडणारा’ असा अर्थ कुणीही सांगेल. कोश काढून पाहिला: न ढळणारा. नाव फार जुनं, आधी देवाचं. माझ्या आजीच्या काळी एका गल्लीत चार-चार असत. आज हाक मारलीस तर एक मान वळणार नाही. आजीने ते का निवडलं हे तिला विचारायचं राहून गेलं. उगाच गोष्ट रचणार नाही.

वडील मात्र पडले. रंगारी होते तेव्हा, सव्विसाव्या वर्षी, दुसऱ्याने केलेल्या शिडीच्या आठव्या पायरीवरून. (तुझी काकू सातवी म्हणते. आठवी.) शेजारी खिडकीतून डोकावून विचारायचे, काय अच्युतराव, पडलात म्हणे? वडील चार महिने पाठीवर होते. छताकडे बघत नुसत्या नजरेने शिडी आखायचे, बोटं पांघरुणावर मापं घेत हलायची, असं आई सांगे. उठले आणि मनात आखलेली तीच शिडी केली. खांद्यावर सिमेंटचं पोतं घेऊन स्वतः चढले, उतरले, मग लोखंड तापवून वरच्या पायरीखाली नाव डागलं. मीही प्रत्येक शिडीवर तिथेच तेच डागतो. चढणाऱ्याला ते दिसत नाही. खाली धरून उभा असतो त्याला दिसतं; हात सुटू नये तो त्याचा.

भांडायला एवढं पुरावं.
काका

२ एप्रिल

ती. काका, सा. न. वि. वि.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई संध्याकाळी बहिणीला फोनवर आठव्या पायरीसकट सगळं सांगत होत्या. नवराही वरमला.

पण काकूंचंही पत्र आलंय. एका मोठ्या शिडी कंपनीला हे नाव विकत हवंय, हे मला का नाही लिहिलंत? काकू म्हणतात, हल्ली चौथ्या पायरीवर थांबून गुडघा दाबता. माझ्यासाठी अडला असाल तर अडू नका. माझ्या बाळाला दुसरं नाव मिळेल, तुम्हाला दुसरा गुडघा कुठून आणू? विकून टाका. आणि रक्कम कळवा, काकूंपासूनही लपवलीत म्हणे.

रागवा, पण ऐका.
खारूताई

९ एप्रिल

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझ्या काकूला टपालखात्यात नोकरी मिळायला हवी होती.

कंपनीचा माणूस सभ्य होता. चित्र दाखवलं: ॲल्युमिनियमची शिडी, नाव दर्शनी बाजूला, लाल. मी विचारलं, नाव लावण्याआधी हिच्यावर चढतं कोण? म्हणाला, यंत्र तपासतं. मी विचारलं, यंत्राला पडायची भीती वाटते का? तो हसला. मी विनोद केला नव्हता.

कागद तीनदा वाचला. सही केली की आपल्या घरातल्या कुणालाही शिडीवर ते नाव घालता येणार नाही. बाळाचं खुशाल ठेवा, असं तो मोठ्या मनाने म्हणाला. म्हणजे तुझा मुलगा उद्या शिडी करायला बसला तर स्वतःचं नाव डागायची त्याला चोरी! तो बसेल असं नाही. कचेरीत बसेल, कुठेही बसेल, त्याची मर्जी. पण हे दार त्याच्या जन्माआधी मी लावून घेणार नाही. तेव्हा तुझ्यासाठी अडलो नाही, त्याच्यासाठी अडलो. गुडघ्याचं गुडघा आणि मी बघून घेऊ.

तू पडून राहा. त्यातही काम होतं.

तुझाच,
काका

ता. क. कागद काल सहीविना परत पाठवला. रक्कम विचारली होतीस. नाव कायमचं त्यांचं, आणि मी पुन्हा शिडी करायची नाही, एवढ्याचे अकरा लाख चाळीस हजार.